बारा महिन्यांचा आडोसा

वळणावरूनच स्नेहलला आपल्या घराचं दार दिसलं, आणि क्षणभर ते घर तिला आपलं वाटलंच नाही. स्कूटीचा वेग आपोआप कमी झाला. पाथर्डी फाट्याच्या आतल्या अंगाला असलेल्या या सोळा रो-हाउसांच्या गल्लीत ती बारा वर्षं राहत होती, आणि त्यातली निदान पाच वर्षं वळणावरून तिचं दार कुणाला दिसलं नव्हतं. वळलं की आधी हिरवं दिसायचं. कामिनीचं कुंपण, पुरुषभर उंच, हात घातला तर कोपरापर्यंत अडेल इतकं गच्च, काळपट चकचकीत पानांचं. त्यामागं घर असणार असं लोक धरून चालायचे. आता निळं दार, ओट्यावरची वेताची खुर्ची आणि खुर्चीच्या पाठीवर सकाळी तिनंच वाळत टाकलेला परकर, सगळं संध्याकाळच्या उजेडात गल्लीकडे तोंड करून होतं. हा परकर कुणाचा, असा एक वेडगळ प्रश्न तिच्या मनात येऊन गेला. मग वास आला. चुरगळलेल्या कामिनीचा, लिंबाच्या सालीसारखा कडवट वास. तो नाकात शिरला तेव्हा तिला कळलं की फाटकाच्या दोन्ही बाजूंना जे गुडघ्याएवढे नऊ खुंट उभे आहेत, तेच आपलं कुंपण आहे.

गल्लीतल्या सगळ्या घरांची बाग बघणारा दत्तू माळी पाला गोळा करत होता. तिला पाहूनही त्यानं खराटा थांबवला नाही.

"कुणी सांगितलं, दत्तू?"

"शेखरभाऊंनी. मी म्हनलं, बाईंना इचारा. ते म्हनले ग्रुपवर टाकलंय." तो खाली बघतच म्हणाला, "मी वरचं वरचं छाटत होतो. ते म्हनले, अजून खाली घे. अजून खाली घे. मंग खाली घ्यायला काय राह्यलंच नाय."

शेखरभाऊ समोरच राहायचे. अंबडच्या एका कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले आणि त्याच दिवसापासून सोसायटीचे सचिव असलेले. वाईट माणूस नव्हता. करोनात स्नेहल तापानं पडली होती तेव्हा सात दिवस तिच्या फाटकाला डबा अडकवून जाणारा हाच माणूस. त्यामुळं ते चपला ओढत हसत आले तेव्हा तिला तोंडावर नेमका कुठला भाव आणावा ते कळेना. त्यांनी मोबाईल तिच्यापुढं धरला. समोरच्या खांबावर परवाच बसवलेल्या कॅमेऱ्याचं चित्र होतं. गल्ली, फाटक, निळं दार, आणि अगदी मधोमध पाठमोरी उभी असलेली एक बाई. वेणी सुटलेली, ओढणी एका खांद्यावरून घसरलेली. स्नेहलनं ओढणी सारखी केली. मोबाईलमधल्या बाईनं एका श्वासाच्या अंतरानं ती सारखी केली.

"बघा, आता कसं क्लिअर येतंय."

"हे कुणाकुणाला दिसतं?"

"सगळ्या मेंबरांना. ॲप आहे ना. तुम्हालाही टाकून देतो."

"शेखरभाऊ, झाडं माझ्या हद्दीत होती."

"हो, पण अडत किती होतं. तुम्ही एकट्या राहता. उद्या कुणी त्याच्यामागं दबा धरून बसलं म्हणजे? आतलं काही दिसतच नव्हतं हो."

"दिसू नये म्हणूनच लावली होती."

हे ती इतक्या सरळ आवाजात म्हणाली की शेखरभाऊंना तो विनोद वाटला. ते हसले. म्हणाले, "फुटतील परत. नाहीच फुटली तर खुंट काढून टाकू, पेव्हर ब्लॉक बसवू. तुमची स्कूटी लागेल आत."

ती घरात आली, दार लावलं, आणि तरीही आपण बाहेरच आहोत असं तिला वाटत राहिलं. खिडकीतून रस्त्याचा उजेड सरळ हॉलमध्ये आला होता. फ्रिजच्या दारावर गल्लीतून जाणाऱ्या मोटारसायकली उमटून जात होत्या. चहा टाकताना आपण ताठ उभ्या आहोत हे तिच्या लक्षात आलं. स्वतःच्या घरात, चहाच्या पातेल्यासमोर, कुणी नापास करेल अशा भीतीनं उभी असल्यासारखी. दिवसभर ती द्वारका चौकातल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात असायची. काचेपलीकडे चारी बाजूंनी गाड्या, हॉर्न, धूर, आणि कानाला फोन. गाडी कुठं आहे, टोल ओलांडला का, माल ओला झाला का. ऑफिसात आठ पुरुष आणि ती एकटी. तिथं बघितलं जाण्याचं तिला काही वाटायचं नाही. तिथं ती बघितली जायलाच गेलेली असायची. आजही चांदवडजवळ एक गाडी बंद पडली होती, ड्रायव्हर फोन उचलत नव्हता, आणि त्या धांदलीत अकरा चाळीसला ग्रुपवर आलेला निरोप तिनं बघितलाच नव्हता. कॅमेऱ्यास अडथळा ठरणाऱ्या फांद्या आज छाटण्यात येतील, सहकार्य करावे. फांद्या. तिनं तो शब्द तीनदा वाचला. घराचा एक अख्खा अवयव उतरवून ठेवायचा आणि त्याला फांद्या म्हणायचं. तिचा चहा उतू गेला. ओटा पुसताना तिला पहिल्यांदा राग आला, आणि राग आल्यावर बरं वाटलं.

मखमलाबादच्या मळ्यात त्यांचं घर होतं तेव्हा न्हाणीला भिंत नव्हती. बांधाला लागून एक चपटा दगड होता, आणि त्या दगडाला आडोसा होता तुरीचा. चिमाजी, म्हणजे स्नेहलचे वडील, झेंडू आणि शेवंती करायचे. दोन्ही कमरेएवढी पिकं, त्यांच्याआड मांजरसुद्धा लपत नाही. पण बांधाकडेनं तुरीच्या चार ओळी असायच्या, आणि दसऱ्यापासून ती तूर डोक्यावर जायची. तेवढे तीनेक महिने आई, कुसाबाई, उन्हात न्हायची. सावकाश. केस मोकळे सोडून दगडावर बसायची आणि स्नेहलला म्हणायची, पाठ चोळ गं, घाई नको. ते सोडलं तर आईला बसलेलं तिनं बघितलंच नव्हतं. पौषात तूर काढली की न्हाणं पुन्हा पहाटेच्या अंधारात, दोन तांब्यांत उरकलेलं. एका वर्षी आईनं म्हटलं होतं, दोन ओळी राहू द्या ना उभ्या. चिमाजी म्हणाले, वाळल्या शेंगा फुटून जातील, येडी का काय. दुपारपर्यंत तूर पडली. गडी माणसं म्हणाली, बरं झालं, कसं मोकळं मोकळं झालं. आई तांब्या हातात घेऊन त्या मोकळ्याकडं बघत उभी राहिली. स्नेहल तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला आईचा राग आला होता, आई काहीच का बोलत नाही याचा. अजून येत होता. आई जाऊन सहा वर्षं झाली तरी तो राग तसाच ताजा होता आणि आता तो कुणावर करायचा ते कळत नव्हतं.

रविराज, तिचा नवरा, मारायचा नाही, प्यायचा नाही. चौकशी करायचा. दिवसातून सहा फोन. कुठं आहेस, शेजारी कोण आहे, त्याला फोन दे. घरी आल्यावर तिची पर्स उघडून एकेक वस्तू टेबलावर मांडायचा, अगदी शांतपणे, जणू भाजी निवडतोय. हे घर तिनं मळ्याच्या वाट्यातून घेतलं होतं, तिच्या नावावर होतं, आणि एका रविवारी सकाळी अकरा वाजता तिनं त्याच्या दोन बॅगा फाटकाबाहेर ठेवल्या. तो तासभर गल्लीत उभा राहून बोलत होता. ती ओट्यावर उभी राहून ऐकत होती. तेव्हा तिथं झाड नव्हतं, काहीच नव्हतं. सोळा घरांच्या खिडक्या उघड्या होत्या. ती आत गेली नाही. पण त्या तासात तिला एक गोष्ट हाडापर्यंत कळली, की एका माणसाला घराबाहेर काढणं जमतं, त्याच्यासारखं बघणाऱ्या नजरांना काढणं जमत नाही. त्यांच्या आड झाड लावावं लागतं.

पुढच्याच रविवारी तिनं पहार घेतली. आत नुसता मुरूम. दोन तासांत वीतभर खड्डा झाला आणि हाताला फोड आले. दुपारी चिमाजी आले, काठीनं खड्डा बघितला, म्हणाले, "काय लावती?"

"कामिनी."

"खायची का इकायची?"

"नुसती असायची, दादा. बारा महिने पान असतं तिला. गळत नाही, काढावं लागत नाही."

चिमाजींनी आयुष्यभर जे लावलं ते उपटण्यासाठी लावलं होतं. पेरायचं, तोडायचं, बाजाराला न्यायचं, रान मोकळं करायचं. त्यांनी काठीनं खड्ड्याची खोली मापली. मग म्हणाले, "मंग दोन फूट घे. नुसतं असायचं म्हंजी मुळी खोल पायजे." आणि मळ्याचे प्लॉट पडायच्या आधीच्या आठवड्यात त्यांनी ट्रॉलीभर काळी माती आणून तिच्या दारात ओतली. आईच्या न्हाणीच्या बाजूची होती का ती, हे तिनं विचारलं नाही.

पहिली दोन वर्षं रोपं जागची हलली नाहीत. बोअरच्या जड पाण्यानं पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. कुणी म्हणालं ताक घाल, तिनं ताक घातलं. तिसऱ्या वर्षी कंबर, पाचव्या वर्षी खांदा. फेब्रुवारीत शेजारच्या बदामाची लाल पानं गल्लीभर गळायची, गुलमोहराच्या काड्या उरायच्या, आणि कामिनी तशीच, भरलेल्या अंगाची. वर्षातून चार-पाच वेळा फुलायची, तेही कुणाला न सांगता. सकाळी उठावं तर सगळं पांढरं, दुपारी ओट्यावर पाकळ्या. त्या आडोशात स्नेहल काय करायची? काहीच नाही. वेताच्या खुर्चीत बसायची. केस वाळवायची, पाय वर घ्यायची. घरात एकटं असणं वेगळं आणि बाहेर, उघड्या हवेत, कुणाच्या नजरेत नसणं वेगळं. ते सुख आईला वर्षाचे तीन महिने मिळालं होतं. तिला बारा महिने मिळत होतं, आणि ते तिनं स्वतः खणून काढलं होतं.

आणि गेल्या वर्षापासून तिथं सायली यायला लागली होती. सायली म्हणजे शेखरभाऊंची सून, सव्वीस वर्षांची. घरात सासू-सासरे, दीर, येणारे-जाणारे आणि दहा महिन्यांचं बाळ. रविवारी दुपारी अडीचला, घरचे जेवून आडवे झाले की ती दळण टाकायला म्हणून मागच्या बोळानं निघायची आणि स्नेहलच्या बाजूच्या फाटकातून आत यायची. पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, "काकू, दहा मिनिटं बसू?" आणि बसल्या बसल्या झोपली. स्नेहलला वाटलं होतं, रडायला आली असेल, काही सांगायचं असेल. तसं काही नव्हतं. तिला झोप हवी होती. कामिनीच्या सावलीत, तोंड किंचित उघडं टाकून, चाळीस मिनिटं ती मेल्यासारखी झोपायची, मग दचकून उठायची, केस बांधायची, दळण घ्यायला पळायची. दोघी फारसं बोलत नसत. बोलण्यासारखं काही नव्हतंच. झोपणाऱ्या माणसाशेजारी पेपर वाचत बसण्यात एक विश्वास होता, तेवढा पुरत होता.

पुढच्या रविवारी दहा वाजता शेखरभाऊंच्या पार्किंगमध्ये मीटिंग झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या, बाराएक माणसं. सायली चहाचा ट्रे घेऊन फिरत होती. स्नेहलनं तिच्याकडं बघितलं नाही. खुंट काढून पेव्हर ब्लॉक बसवण्याचा विषय निघाला तेव्हा ती उभी राहिली.

"खुंट कुणी काढायचे नाहीत. ते माझ्या हद्दीत आहेत. दत्तू किंवा दुसरं कुणी मला विचारल्याशिवाय फाटकाच्या आत येणार नाही. आणि कॅमेरा रस्त्याकडं वळवा, माझ्या दाराकडं नको. हे लिहून घ्या."

"ताई, गैरसमज करून घेताय तुम्ही," शेखरभाऊ म्हणाले. "तुमच्याच सेफ्टीसाठी चाललंय सगळं."

"माझी सेफ्टी तुम्ही गुडघ्यापासून कापलीत, भाऊ."

कुणीतरी खोकलं. किशोर म्हणून कोपऱ्यावरच्या घरातला एक मेडिकलवाला होता, तो मागं रेलून हसत म्हणाला, "राग नका येऊ देऊ ताई, पण इतकं झाकून ठेवण्यासारखं असतं तरी काय तिथं? कोण यायचं, कोण बसायचं?"

ट्रेमधल्या कपांचा बारीकसा आवाज झाला. सायली शेखरभाऊंच्या मागं उभी होती. स्नेहलच्या जिभेवर वाक्य तयार होतं. तुमच्याच सचिवांची सून यायची, झोपायला, कारण या एवढ्या मोठ्या घरात तिला पाठ टेकायला जागा नाही. एका वाक्यात सगळी मीटिंग गप्प झाली असती. शेखरभाऊंची मान खाली गेली असती. तिला ते फार हवंहवंसं वाटलं, इतकं की तोंडाला पाणी सुटल्यासारखं झालं. पण मग तीही पर्स उघडून एकेक वस्तू टेबलावर मांडणाऱ्यांतली झाली असती.

"मी बसायचे," ती म्हणाली. "नुसती बसायचे. आणि ते सांगायची मला गरज नव्हती, तरी सांगितलं. आता पुन्हा कुणी विचारायचं नाही."

ठराव काही झाला नाही. पुढच्या मीटिंगला बघू, असं ठरलं. कॅमेरा जिथं होता तिथंच राहिला.

दत्तू दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर उभा राहून, आत पाऊल न टाकता म्हणाला, "बाई, हिरवी जाळी बांधू का तात्पुरती? पाच मिन्टाचं काम हाय."

"नको. झाड येईल तेव्हा येईल. तोवर त्यांनी मला बघावं."

ते काही सोपं नव्हतं. पहिल्या संध्याकाळी खुर्चीत बसल्यावर पाठीचा प्रत्येक मणका तिला वेगळा जाणवत होता. खांबावरचा तो काळा डोळा, त्यामागं सोळा घरांतले मोबाईल, आणि कुठल्या मोबाईलवर या क्षणी आपण आहोत ते कळायला मार्ग नाही. पण ती उठली नाही. दुसऱ्या दिवशी पाय वर घेतले. तिसऱ्या दिवशी केस मोकळे सोडले. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ताई आज चहा एकट्याच, आणि पुढं हसरा चेहरा टाकला. तिनं ओट्यासमोर दोरी बांधली आणि आतापर्यंत मागच्या मोरीत नाहीतर कुंपणाआड वाळणारे परकर, ब्लाउज, जे काही होतं ते भर उन्हात कॅमेऱ्यासमोर वाळत टाकलं. आठवडाभरात ग्रुप गप्प झाला. बघण्यासारखं सगळं दाखवून टाकलं की बघणाऱ्याला कंटाळा येतो, हे तिला या वयात कळत होतं, आणि कळत असताना आईसाठी वाईट वाटत होतं.

कामिनीचं तिनं स्वतःच केलं. दत्तूच्या यंत्रानं जिथं साल फाडली होती तिथं कात्रीनं स्वच्छ काप घेतला, द्राक्षबागायतदार लावतात तो मोरचूद आणि चुन्याचा निळसर लेप खुंटांवर फासला, बुडाशी शेणखत आणि वर पाला घातला. तीन आठवडे काहीही झालं नाही. रोज सकाळी द्वारकेला निघण्याआधी ती वाकून बघायची. मग एका खुंटाच्या काळ्या सालीतून मोहरीएवढा पोपटी ठिपका बाहेर आला. दोन दिवसांनी दुसऱ्याला. फेब्रुवारी संपेपर्यंत नऊपैकी सात फुटले. दोन तसेच होते. त्या दोघांवर तिनं नखानं साल खरवडून बघितली, आत ओलं हिरवं होतं. म्हणजे मेलेले नव्हते.

सायली मात्र त्या रविवारपासून आली नव्हती. गल्लीत दिसायची, बाळ कडेवर, डोळ्यांखाली काळं. स्नेहल हाक मारायची नाही. हाक मारली तर कॅमेऱ्याला ऐकू जाईल अशी भीती नव्हती. पण यायचं की नाही हे तिचं तिनं ठरवायचं होतं.

चौथ्या रविवारी दुपारी अडीचला समोरच्या घराचं दार उघडलं. सायली बाहेर आली. हातात दळणाचा डबा नव्हता. तिनं मागचा बोळ धरला नाही. गल्ली सरळ ओलांडली, भर उन्हात, खांबाखालून, आणि स्नेहलचं समोरचं फाटक उघडून आत आली. "काकू, झोपते," एवढंच म्हणाली. खुर्चीत बसली, पाय पोटाशी घेतले, मान एका बाजूला टाकली. स्नेहलला वाटलं, आज हिला झोप येणार नाही. पण झोप आली. दोन मिनिटांत तोंड किंचित उघडं पडलं.

स्नेहलचा मोबाईल थरथरायला लागला. एक, दोन, मग लागोपाठ. तिनं तो पालथा ठेवला. दहाएक मिनिटांनी शेखरभाऊ फाटकाशी आले. बनियनवर, हातात मोबाईल, झोपेतून उठवल्यासारखे.

"सायली इथं..."

"हळू बोला," स्नेहल म्हणाली. "झोपलीय ती."

"घरी बाळ उठलंय. रडतंय."

"मग घ्या ना त्याला. तुम्ही आजोबा आहात."

शेखरभाऊंनी सुनेकडं बघितलं. वेताच्या खुर्चीत आखडून झोपलेली, एक पाय खाली लोंबकळणारा, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ. ती घरात आल्यापासून त्यांनी तिला झोपलेलं कधी बघितलं नसावं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून स्नेहलला वाटलं. त्यांनी मान वळवून खांबाकडं बघितलं, हातातल्या मोबाईलकडं बघितलं. त्यात आता तेही होते, बनियनवर, दुसऱ्याच्या फाटकात. ते परत गेले. थोड्या वेळानं बाळाला खांद्यावर टाकून ते गल्लीच्या सावलीच्या कडेनं येरझाऱ्या घालू लागले. एकदाही त्यांनी इकडं बघितलं नाही.

ऊन कलायला लागलं. पोपटी कोंबांवरून सरकत ते ओट्यावर चढलं, खुर्चीच्या पायापर्यंत आलं, सायलीच्या पावलावर, मग गुडघ्यावर. तोंडावर येणार तेवढ्यात स्नेहल उठली. खाली उतरली, खुंटांच्या ओळीत जाऊन ऊन आणि सायली यांच्या मधे उभी राहिली. तिची सावली बरोबर त्या झोपलेल्या तोंडावर पडली. गल्लीत कुणाकुणाची दारं वाजली, कुणीतरी थांबून बघून पुढं गेलं. सायली जागी होईपर्यंत स्नेहल तिथून हलली नाही.